घटनास्थळाचे फोटो आणि पुरावे गोळा करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पाठवणारे बहुतेक जण न्यायसहायक विज्ञानाचे विद्यार्थी किंवा या कामात नुकतेच आलेले फोटोग्राफर असतात. अधूनमधून एखादा कथालेखक असतो, आणि घरात चोरी झालेली घाबरलेली माणसंही असतात. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथला क्रमांक दिलाय. तुमच्याकडचा कायदा किंवा खात्याचा नियम वेगळं सांगत असेल तर आधी तो पाळा.

१. घटनास्थळी पोहोचल्यावर सगळ्यात आधी फोटोच काढायचे ना?

नाही. कुणी जखमी असेल तर आधी तो. मग गॅस गळतोय का, वायर उघडी आहे का, हल्लेखोर अजून आतच आहे का हे बघायचं. त्यानंतर जागेची हद्द आखायची आणि जायची-यायची एकच वाट ठरवायची, शक्यतो गुन्हेगाराने वापरली नसेल अशी. मग हात खिशात घालून एक फेरी मारायची. हे मी शब्दशः सांगतोय, कारण नवखा माणूस खोलीत शिरला की दिव्याचं बटण दाबतोच. काय उडून जाईल, वाळेल, पुसलं जाईल ते या फेरीत हेरायचं आणि मग कॅमेरा काढायचा. उचलणं, मोजणं, पावडर मारणं हे सगळं फोटोंनंतर.

रुग्णवाहिकेच्या लोकांनी खुर्ची सरकवली असेल तर ती 'जिथे होती तिथे' परत ठेवू नका. आहे तशी टिपा आणि कुणी, केव्हा हलवली ते लिहून ठेवा. परत ठेवलेली खुर्ची म्हणजे तुम्ही रचलेला देखावा.

२. किती फोटो काढले म्हणजे पुरे?

ठरलेला आकडा नाही. तिथे कधीही न गेलेल्या माणसाला दोन वर्षांनी नुसत्या फोटोंवरून त्या खोलीत फिरता आलं पाहिजे, एवढंच बघायचं. त्यासाठी तीन अंतरांवरून फोटो लागतात: लांबून, मध्यम अंतरावरून आणि जवळून.

समजा, टेबलाखाली सुरी पडली आहे. आधी इमारत बाहेरून, मग दार, मग खोलीच्या चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो, कडा एकमेकांवर थोड्या चढतील असे. नंतर सुरी आणि टेबलाचा पाय एकाच चौकटीत. शेवटी नुसती सुरी. राहून जातो तो नेमका मधला फोटो, आणि तो नसला की जवळून काढलेली सुरी जगातल्या कुठल्याही टेबलाखालची असू शकते.

काहीच झालेलं नाही अशा जागाही टिपा. शाबूत काच, आतून लावलेली कडी, न उचकटलेलं कपाट. 'खिडकी तर फुटलेलीच होती' असं पुढे कुणी म्हणालं तर तोच फोटो कामाला येतो.

३. एकाच गोष्टीचे मोजपट्टी ठेवून आणि न ठेवता असे दोन फोटो कशाला?

पट्टी ही तुम्ही तिथे नेलेली वस्तू आहे. तिच्याखाली काय झाकलं गेलं, असं विचारायला वाव राहू नये म्हणून आधी पट्टीशिवाय आणि मग कॅमेरा न हलवता पट्टीसह. नंबरचे मार्कर मांडतानाही हाच क्रम.

कोपऱ्यासारखी काटकोनात वळलेली, वर्तुळं छापलेली पट्टी घ्या. फोटोत ती वर्तुळं लंबगोल दिसली तर कॅमेरा तिरका होता हे लगेच कळतं. फोटोवरून मापं काढण्याची ही धडपड जुनी आहे. पॅरिस पोलिसांतला आल्फोन्स बर्तियों उंच तिवईवर कॅमेरा चढवून मृतदेहाचे वरून फोटो घ्यायचा आणि अंतरं वाचता यावीत म्हणून कडेला मापांच्या खुणा असलेल्या चौकटीत ते लावायचा.

४. मोबाईलने काढलेले फोटो चालतात का?

दुसरं काही हाताशी नसेल तर जरूर काढा. न काढलेल्या फोटोपेक्षा ते केव्हाही बरं. पण मोबाईलची लेन्स रुंद कोनाची असते, त्यामुळे जवळून काढलं की कडेच्या वस्तू ताणल्या जातात. शिवाय फोन स्वतःच्या मनाने चार फ्रेम एकत्र करतो, कडा धारदार करतो, अंधार उजळवतो. बुटाचा किंवा बोटाचा ठसा पुढे जुळवून बघायचा असेल तर अशा फोटोवर मी विसंबणार नाही.

काढायचेच असतील तर फिल्टर बंद, अति-रुंद लेन्स नको, आणि मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो टाकला की तो लहान होतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती गळते. पाठवावाच लागला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तपास करणाऱ्यांनी खासगी फोन वापरण्याआधी एक विचार करावा: उद्या तो फोनच तपासायला मागितला जाऊ शकतो, घरच्या फोटोंसकट.

५. फ्लॅश वापरायचा की नाही?

खोली दाखवायला वापरा, पोत दाखवायला नको. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश समोरून उजेड फेकतो. त्यात मातीतला ठसा, लाकडावरची पहारीची खूण, धुळीतली पावलं सपाट होऊन जातात. तिथे उजेड बाजूने, जवळजवळ जमिनीला टेकवून टाकायचा. चकचकीत फरशी, आरसा किंवा काच असेल तर फ्लॅशचा पांढरा गोळा नेमका पुराव्यावर येऊन बसतो.

रात्री मोकळ्या मैदानात फ्लॅश पाच-सात मीटरनंतर संपतो. अशा वेळी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून शटर बराच वेळ उघडं ठेवायचं आणि टॉर्च किंवा सुटा फ्लॅश घेऊन बाजूबाजूने चालत जागा उजळायची. चालणारा स्वतः उजेड आणि कॅमेरा यांच्यामध्ये आला की फोटोत भुतासारखी सावली उमटते. पहिल्या प्रयत्नात ती सगळ्यांचीच उमटते.

६. मातीतल्या बुटाच्या ठशाचा फोटो नेमका कसा घ्यायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा प्रश्न.

ट्रायपॉड हवाच. कॅमेरा ठशाच्या बरोबर वर, खाली तोंड करून, आणि त्याची पाठ ठशाच्या तळाशी समांतर. ठसा आणि पट्टी मिळून चौकट भरली पाहिजे. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ ८ ते एफ ११च्या आसपास, म्हणजे ठशाचा तळ आणि काठ दोन्ही स्पष्ट येतात. शटर रिमोटने किंवा टायमरने. फोकस तळावर, वरच्या गवताच्या काडीवर नाही. ऊन पडलं असेल तर सावली करा आणि टॉर्च एका बाजूने खाली धरून फोटो घ्या. मग टॉर्च फिरवून निदान तीन दिशांनी तेच. एका दिशेच्या उजेडात जी चीर दिसतच नाही ती दुसऱ्या दिशेने लख्ख दिसते.

पट्टी ठशाच्या तळाच्या पातळीला ठेवायची, शेजारची माती थोडी खरवडून. हे मी चुकून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका ओल्या वाफ्यातला दोन सेंटिमीटर खोल ठसा टिपताना मी पट्टी वरच्या मातीवर ठेवली. लेन्सपासून पट्टी साठ सेंटिमीटरवर होती आणि ठशाचा तळ बासष्टवर. पट्टी जवळ असल्याने मोठी दिसली आणि त्या हिशेबाने ठसा तीन टक्क्यांनी लहान निघाला. अठ्ठावीस सेंटिमीटरच्या तळव्यात हा फरक नऊ मिलिमीटरचा होतो, म्हणजे बुटाच्या एका नंबरहून जास्त. ठसेतज्ज्ञांनी एकच प्रश्न विचारला, 'पट्टी कुठे होती?' माझ्याकडे उत्तर होतं, पण ते उपयोगाचं नव्हतं.

फोटो झाल्यावरच साचा, आणि त्याला साधं प्लॅस्टर नाही, डेंटल स्टोन (दातांचे साचे करायची भुकटी). तो टणक असतो आणि बारकावे धरतो. ओतता येईल इतपत पातळ कालवून ठशाच्या बाजूला ओता आणि आत वाहू द्या. थेट ठशावर धार सोडली तर तळ उखडतो. ठसा उमटल्यानंतर वर पडलेलं सुटं पान उचलता येतं, पण मातीत दाबलं गेलेलं पान ठशाचाच भाग आहे, त्याला हात लावू नका. साचा उचलल्यावर माती धुण्याचा मोह आवरा. ती प्रयोगशाळेत निघते, आणि ती मातीही पुरावा असते.

७. रक्ताच्या शिंतोड्यांचे फोटो तिरक्या कोनातून घेतले तर काय बिघडतं?

हिशेबच बिघडतो. थेंब कोणत्या कोनाने आपटला हे डागाची रुंदी भागिले लांबी यावरून काढतात. तो भागाकार म्हणजे कोनाची साइन (त्रिकोणमितीतली). सरळ वरून पडलेल्या थेंबाचा डाग गुळगुळीत पृष्ठभागावर गोल असतो, भागाकार १, कोन ९० अंश. तोच डाग ३० अंश तिरक्या कॅमेऱ्याने टिपला तर रुंदी सुमारे ०.८७ पट दिसते आणि कोन ६० अंश निघतो. थेंब तोच, पण तुमच्या फोटोने त्याला दुसरीकडून आणलं.

मोठी भिंत असेल तर तिचे चौकोन पाडा, प्रत्येकाला अक्षर द्या, कडेने उभ्या-आडव्या पट्ट्या चिकटवा आणि प्रत्येक चौकोनाचा कॅमेरा काटकोनात धरून फोटो घ्या.

८. ल्युमिनॉल फवारलं की रक्त निळं चमकतं ना? मग सगळीकडेच का फवारत नाहीत?

कारण निळी चमक म्हणजे रक्त असा अर्थ होत नाही. ल्युमिनॉलची क्रिया रक्तातल्या लोहामुळे वेग घेते, पण ब्लीच, तांबं, काही भाज्यांतली एन्झाइम्स हेही तेच करतात. ब्लीचने पुसलेली फरशी तर सगळीच उजळते. ही चाचणी फक्त 'इथे शोधा' एवढं सांगते. शिवाय फवारा हा द्रव असतो. आधीच पुसट झालेला डाग त्याने आणखी पातळ होतो, पसरतो. म्हणून डोळ्यांनी शोधून, विशेष प्रकाशाखाली बघून, दिसणारे डाग गोळा करून झाल्यावर शेवटी ल्युमिनॉल.

फोटोसाठी मिट्ट काळोख लागतो आणि चमक थोडाच वेळ टिकते. कॅमेरा आधीच ट्रायपॉडवर, फोकस उजेडात लावून पक्का केलेला, शटर काही सेकंद उघडं. त्याच जागेवरून दिवे लावून आधी एक फोटो घेतलेला असावा, नाहीतर निळा डाग नक्की कुठल्या फरशीवर होता ते सांगता येत नाही.

९. हललेले, अंधारे फोटो डिलीट करू का?

एकही नको. फोटोंच्या नंबरांमध्ये पोकळी दिसली की ४७ नंबरच्या फोटोत काय होतं हा प्रश्न येणारच. हललेला फोटो ही फार तर नाचक्की, पण गायब फोटोवरून संशय येतो. लेन्सचं झाकण न काढता घेतलेला माझा एक काळा फोटो आजही एका फाइलमध्ये आहे, नोंदीत 'झाकण राहिलं' असं लिहून.

१०. फोटो थोडा उजळवला तर पुरावा बाद होतो का?

मूळ फाइल हात न लावता ठेवली असेल आणि काय केलं याची नोंद असेल, तर उजळवणं किंवा कॉन्ट्रास्ट वाढवणं सहसा समजावून सांगता येतं. काही काढणं, जोडणं, पुसणं मात्र नाही. पद्धत अशी: कार्डवरच्या फाइल्स उतरवताच त्यांचा हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली खूण-संख्या, काढायचा, शक्यतो एसएचए-२५६ पद्धतीने. फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो. मूळ प्रत कुलूपबंद, काम नकलेवर.

कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं होतं हे मध्येच लक्षात आलं तर ते मध्येच दुरुस्त करू नका. बरोबर घड्याळाचा एक फोटो घ्या आणि फरक लिहा.

११. रक्ताने भिजलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत का ठेवत नाहीत?

आत ओल कोंडते, बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि डीएनए खराब होतो. कपडे स्वच्छ जागी, उन्हाशिवाय आणि हेअर ड्रायरशिवाय वाळवायचे. खाली कागद पसरायचा आणि त्यावर जे पडेल ते त्या कागदासकट घडी घालून ठेवायचं. मग प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. घडी घालताना डागावर डाग येऊ नये म्हणून मध्ये कागद. जागेवरून नेताना गळत असतील तर तेवढ्यापुरतं प्लॅस्टिक चालतं, पण लगेच बाहेर काढायचे. आरोपी आणि पीडित यांचे कपडे एकाच खोलीत एकाच वेळी वाळवू नका, टेबलं वेगळी असली तरीही.

१२. म्हणजे सगळंच कागदात गुंडाळायचं?

नाही, इथेच पुस्तकी पाठांतर फसतं. जळालेल्या जागेवरचे अवशेष कागदी पिशवीत भरले तर पेट्रोल-रॉकेलची वाफ वाटेतच उडून जाते, आणि साध्या पॉलिथिनमधूनही ती झिरपते. त्यासाठी कोरा, हवाबंद झाकणाचा धातूचा डबा किंवा त्यासाठीच बनवलेली नायलॉनची पिशवी. डबा काठोकाठ भरू नका. वरच्या रिकाम्या जागेतल्या वाफेचीच तपासणी होते. जळालेल्या गालिच्याबरोबर त्याच गालिच्याचा दूरचा, न जळालेला तुकडाही वेगळ्या डब्यात घ्या, कारण काही गालिचे जळताना स्वतःच हायड्रोकार्बन (पेट्रोल-रॉकेलमध्ये असतात तशी रसायनं) सोडतात.

केस, धागे, रंगाचे कपचे यांना आपली जुनी पुडी उत्तम. कोऱ्या कागदाची पुडी बांधायची, ती पाकिटात, आणि पाकिटाचे कोपरे चिकटपट्टीने बंद, कारण बारीक कण कोपऱ्यातूनच निसटतात. सुरी टणक खोक्यात, आत बांधून, म्हणजे उघडणाऱ्याचा हात कापत नाही आणि पातंही घासत नाही. गोळीबाराचा संशय असेल तर मृताच्या हातांना कागदी पिशव्या. जिवंत माणसाच्या हातावरचे गोळीबाराचे कण काही तासांच्या हालचालीत, हात धुतल्यावर तर लगेच, निघून जातात, म्हणून तिथे घाई.

१३. डीएनएसाठी स्वॅब घेताना सगळ्यात मोठी चूक कोणती?

तुमचा स्वतःचा डीएनए. डागावर वाकून बोलणं, घाम पुसलेल्या हातमोज्याने स्वॅब धरणं, दहा वस्तूंना एकच हातमोजा. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे आणि मास्क. वाळलेल्या डागासाठी स्वॅबला निर्जंतुक पाण्याचा एखादा थेंब, मग छोट्या भागावर फिरवून डाग गोळा करायचा. नंतर कोरडा स्वॅब त्याच जागी. दोन्ही वाळवून हवा खेळणाऱ्या खोक्यात किंवा कागदात. डागाशेजारच्या स्वच्छ जागेचाही एक स्वॅब घ्या.

निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे, याचा धडा जर्मनीतल्या हाइलब्रॉन प्रकरणाने दिला. २००७ मध्ये तिथे एका पोलीस महिलेचा खून झाला आणि त्या जागेवरचा स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या सुमारे ४० गुन्ह्यांशी जुळला. पोलीस अनेक वर्षं त्या अदृश्य बाईला शोधत होते. २००९ मध्ये कळलं की तो डीएनए स्वॅब बनवण्याच्या कामातल्या एका कामगार महिलेचा होता. स्वॅब निर्जंतुक होते, जिवाणू मेले होते, डीएनए तसाच होता.

१४. एकाच वस्तूवर रक्त आणि बोटांचे ठसे दोन्ही असतील तर आधी काय?

आधी फोटो, मग जे पटकन निसटेल ते (केस, धागे), मग स्वॅब, मग ठशांची पावडर किंवा रसायन. पण ठसाच रक्ताने उमटलेला असेल तर क्रम उलटतो. स्वॅब फिरवला तर ठसा गेला. त्याचा आधी काटकोनातून, पट्टीसह फोटो, आणि वस्तू हलवता येत असेल तर तशीच प्रयोगशाळेत. ब्रशने एका वस्तूवरचा डीएनए दुसरीवर जातो, म्हणून वापरून फेकायचे ब्रश ठेवा.

१५. पिस्तुलाच्या नळीत पेन घालून उचलतात तसं करायचं का?

अजिबात नाही. नळीच्या आतल्या खुणा आणि कण दोन्ही बिघडतात. हातमोजे घालून खडबडीत मुठीला धरा, कारण तिथे बोटांचे ठसे क्वचितच चांगले मिळतात, आणि नळीचं तोंड सुरक्षित दिशेला. शस्त्रांचं प्रशिक्षण नसेल तर हातच लावू नका.

१६. चालू स्थितीतला फोन सापडला तर बंद करू का?

बंद करू नका. एकदा बंद केलेला फोन परत सुरू केल्यावर पासवर्ड टाकेपर्यंत त्यातला बराचसा डेटा कुलूपबंद राहतो. स्क्रीनचा फोटो घ्या, जमलं तर फ्लाइट मोड लावा, वाय-फाय आणि ब्लूटूथ खरंच बंद झालं का ते पाहा, आणि लहरी अडवणाऱ्या फॅराडे पिशवीत ठेवा. त्या पिशवीत फोन नेटवर्क शोधत राहतो आणि बॅटरी भराभर संपते, म्हणून छोटी पॉवर बँक जोडून तीही आतच. बंद सापडलेला फोन मात्र बंदच राहू द्या.

१७. गळफासाची गाठ सोडून दोर जप्त करायचा का?

गाठ सोडू नका. दोर गाठीपासून लांब कापा आणि कापलेली दोन्ही टोकं वेगळ्या रंगाच्या धाग्याने बांधून, चिठ्ठी लावून जोडीने ओळखू येतील अशी ठेवा, म्हणजे मूळची टोकं आणि तुम्ही केलेली टोकं यांत गल्लत होत नाही. कापड कापावं लागलं तरी हाच न्याय: भोसकल्याच्या किंवा गोळीच्या भोकातून कात्री नेऊ नका.

१८. चेन ऑफ कस्टडी म्हणजे फक्त सही-शिक्का ना?

सही-शिक्का हे त्याचं दिसणारं टोक. वस्तू सापडल्यापासून न्यायालयात उघडेपर्यंत ती कुणाच्या ताब्यात होती, कुणी कुणाला दिली, केव्हा, कशासाठी, यात एका रात्रीचीही फट नसणं म्हणजे चेन. सील फाडल्याशिवाय उघडता येणार नाही असं, आणि त्यावर सही अशी की अर्धी सीलवर, अर्धी पाकिटावर. प्रयोगशाळेने उघडताना जुनं सील न फोडता दुसऱ्या बाजूने कापावं. चिठ्ठी वस्तू आत घालण्याआधी लिहा. भरलेल्या पाकिटावर दाबून लिहिलं की पेनाची खूण आतल्या कागदावर उमटते.

१९. घरात चोरी झाली आहे. पोलीस येईपर्यंत मी काय करू?

बाहेर थांबा, चोर आत असू शकतो. आत गेलाच असाल तर ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत या आणि कुठे-कुठे हात लावलात ते आठवून लिहा. आवराआवर नको. कपाट बंद करू नका, काचा गोळा करू नका, तिथलं संडास-बेसिन वापरू नका. दारातून दोन-चार फोटो काढलेत तर चांगलंच (प्रश्न ४). पाऊस येतोय आणि अंगणात बुटाचा ठसा दिसतोय? त्यावर पालथं घमेलं किंवा खोकं ठेवा, कडा ठशाला लागणार नाहीत असं.

२०. पाऊस सुरू होतोय आणि जागा मोठी आहे. तरीही क्रम पाळायचा?

नाही. जे आधी जाणार ते आधी. प्रश्न १ आणि २ मधला क्रम सवडीच्या जागेसाठी आहे. आडोसा करा, मध्यम अंतराचा एक फोटो घ्या, लगेच जवळून पट्टीसह, आणि गोळा करा. क्रम का मोडला ते वेळेसह नोंदवा. बर्फातल्या ठशाला आणखी एक भानगड आहे: पांढऱ्यामुळे कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट येतो, म्हणून एक्स्पोजर एखाद-दीड स्टॉप वाढवून दोन-तीन फोटो घ्या.

२१. चावल्याच्या खुणेवरून माणूस ओळखता येतो असं वाचलं. मग तिचे फोटो किती महत्त्वाचे?

खूण आहे हे दाखवायला महत्त्वाचे, ती कुणाच्या दातांची हे ठरवायला नाही. कातडी ताणली जाते, सुजते, रंग बदलते, आणि या पद्धतीच्या शास्त्रीय पायावर गंभीर आक्षेप आहेत. फोटो पट्टीसह घ्या, पण त्याच वेळी, धुण्याआधी, त्या जागेचा स्वॅब घ्या (प्रश्न १३). लाळेतला डीएनए दातांच्या आकारापेक्षा कितीतरी भरवशाचा.

२२. आमच्याच माणसांच्या बुटांचे ठसे घटनास्थळी उमटले तर?

उमटतातच. बुटांवर आवरण घातलं तरी पहिला पोहोचलेला शिपाई आणि रुग्णवाहिकेतला माणूस ते घालून आलेला नसतो. आत गेलेल्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ दारावरच लिहा आणि बाहेर पडताना प्रत्येकाच्या तळव्यांचा पट्टीसह फोटो घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, लोक कुरकुर करतात. फोटोग्राफरने स्वतःच्या तळव्यांचाही घ्यावा. त्यासाठी कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात द्यावा लागतो, आणि नोंदीत त्या एका फोटोपुढे काढणाऱ्याचं नाव वेगळं लिहावं लागतं.